खंडेनवमीची यादी

१

बाळ वाचलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढची सगळी गोष्ट वाचताना तुमचा जीव त्या पाळण्यात अडकून राहील.

देवनहळ्ळीच्या पलीकडच्या खेड्यातली ही मुलगी, वय दिवस नऊ. जन्मल्यावर तिच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब जाड कागदाच्या पट्टीवर घेतले होते. येलहंक्याच्या कंदम्मा बालरुग्णालयात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाचे घेतात. त्या पट्टीचा निकाल बुधवारी संध्याकाळी यायला हवा होता, तो आला शनिवारी. मधले तीन दिवस आई तिला पाजत राहिली आणि नेमकं ते दूधच तिला बाधत होतं. दुधातली साखर न पचण्याचा एक फार दुर्मीळ विकार घेऊन पोर जन्माला आली होती. शनिवारी दुपारी पिवळीधमक पडलेली, मान टाकलेली अशी तिला परत आणली, तेव्हा डॉक्टरांनी दूध तोडलं आणि चोवीस तास तिच्या उशाशी उभे राहिले.

निकाल अडला होता तो पट्ट्या वाचणाऱ्या यंत्रात. या यंत्राचं नाव ‘नवजात’. बुधवार दुपारपासून त्याचा पडदा चालू, हिरवा दिवा चालू, पण आत काम अर्ध्यावर मरत होतं. त्यात दसऱ्याची सुट्टी. बेचाळीस पट्ट्या अडकून पडल्या होत्या आणि शनिवारी पोर परत येईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता.

सोमवारी सकाळी बिंदुमाधवरावांचा फोन वाजला तेव्हा ते कॉफी पीत बसले होते. त्यांची थोरली बहीण कृष्णाबाई देवापुढे बसून पितळी डब्यातून कापराची वडी काढत होती. मे महिन्यात बिंदुमाधवरावांच्या निवृत्तीच्या दिवशी रुग्णालयातल्या लोकांनी दिलेला हा डबा तिने त्याच दिवशी देवघरात जमा करून घेतला होता. अक्काच्या देवघरात गेलेली वस्तू परत येत नसे. लिहिलेला कागद पायदळी येऊ नये म्हणून रद्दीसुद्धा नमस्कार करून देणारी ही बाई, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

फोनवर रुग्णालयाच्या संचालिका डॉ. संपदा होत्या. बेंगळुरूतच वाढलेल्या, त्यामुळे मोठ्या माणसाला ‘अण्णा’ म्हणणाऱ्या.

“अण्णा, ‘नवजात’ला सोळा जीबी मेमरी होती ना? ती कुणीतरी चारवर आणली आहे. नोंदीत महानंदाचं नाव निघतंय.”

“महानंदा कोण?”

“निपाणीची मुलगी. तुम्ही गेल्यावर जुलैत घेतली. परवा बुधवारी ट्रस्टींची मीटिंग आहे, तिला काढून टाकल्याचं पत्र टाईप होऊन माझ्या टेबलावर पडलंय. सही करायला हात धजत नाहीये. ती यंत्रं तुमच्या हातची. तुम्ही एकदा बघाल का?”

बिंदुमाधवरावांनी कॉफी तशीच ठेवली. एकोणीस वर्षं त्यांनी ती यंत्रं सांभाळली होती. इतक्या वर्षांत त्यांच्या यंत्रांमुळे कुणा बाळाच्या केसालाही धक्का लागला नव्हता, आणि खरं सांगायचं तर याचा त्यांना थोडा गर्वही होता.

“येतो,” ते म्हणाले. “तोवर सही करू नका.”

२

‘नवजात’ला यंत्र म्हणायचं, पण ते हाताला लागेल असं काही नाही. बेंगळुरूत घरमालक एक मोठं घर बांधतो आणि त्याचे पोर्शन पाडून भाड्याने देतो, तसा हा प्रकार. रुग्णालयाच्या तळमजल्यावर एकच भलामोठा सर्व्हर होता आणि त्याच्या पोटात एकोणीस आभासी यंत्रं भाडेकरूंसारखी राहत होती. कुणी रक्ताच्या पट्ट्या वाची, कुणी क्ष-किरणांची चित्रं तपासी. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी जसं पोर्शनवार वाटून दिलेलं असतं, तशी सर्व्हरची मेमरी त्यांना वाटून दिलेली. ज्याला सोळा लागतात त्याला चार दिली की ते यंत्र पहिल्या थोड्या कामाला पुरतं आणि मोठं काम आलं की धापा टाकत कोसळतं.

तळमजल्यावरच्या खोलीत शिरताना बिंदुमाधवरावांनी सवयीने वर पाहिलं. दारावर त्यांच्याच अक्षरातली, काचेत मढवलेली पाटी होती: ‘चालत्या यंत्राला हात लावू नये.’

हा त्यांचा नियम. लहान बाळांचं रुग्णालय, यंत्र मध्येच बंद करणं परवडायचं नाही. म्हणून मेमरी कमीजास्त करायची तर आकडा फक्त मांडून ठेवायचा. यंत्र जुन्या आकड्यावर चालत राहायचं आणि पुढच्या वेळी बंद होऊन चालू झालं की नवा आकडा लागू व्हायचा. आणि ही यंत्रं बंद व्हायची वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. त्या दिवशी इथले सगळे आयुधपूजा करतात. रिक्षावाल्यापासून विमान कारखान्यापर्यंत प्रत्येक जण आपलं हत्यार थांबवून त्याला हळदकुंकू वाहतो. रुग्णालयही दुपारी दीड तास कागदावर चाले आणि सर्व्हरला झेंडूची माळ पडे. वर्षभराचे बदल त्या एका दिवसासाठी थांबून राहत.

महानंदा पंख्याखाली हात मांडीवर ठेवून बसली होती. वय पंचवीस-सव्वीस. रडून झालेलं असावं, आता नुसते डोळे सुजले होते.

“बस, बस, उठू नकोस. बुधवारी काय काय केलंस ते सांग.”

“पूजा झाली सर. रविकिरण सर म्हणाले, सगळी चालू कर. मी एकेक करून एकोणीस चालू केली बघा. दुसऱ्या कशाला बोट लावलं नाही. देवाशपथ.”

“देवाला कशाला मध्ये आणतेस. नोंद दाखव.”

तिने पडद्यावर नोंद काढली. ओळीखाली ओळ: यंत्राचं नाव, चालू केल्याची वेळ, किती मेमरीवर चालू झालं आणि चालू करणाऱ्याचं नाव. सातव्या ओळीत ‘नवजात, चार जीबी, महानंदा’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मंगळवारपर्यंत तेच यंत्र सोळावर चालत होतं. सकृद्दर्शनी मुलगी पुरती अडकली होती.

“दोन महिन्यांनी कायम करणार होते,” ती खाली बघत म्हणाली. “बाबांना सांगितलं नाही अजून. काढून टाकलं तर टाकू देत ओ सर, पण त्या कागदावर लिहिलंय, माझ्या हातनं बाळ मरता मरता वाचलं. तो कागद घेऊन मी कुठं जाऊ? कोण ठेवून घेणार मला?”

बिंदुमाधवरावांनी चष्मा सारखा केला आणि वेळांच्या रकान्यावर बोट ठेवून ते सावकाश वाचू लागले. पहिलं यंत्र चार वाजून दोन मिनिटं. दुसरं अठ्ठावीस सेकंदांनी. तिसरं एकोणतीस. चौथं पुन्हा अठ्ठावीस. गजरा ओवणाऱ्या बाईचा हात चालावा तसा हिचा हात एका लयीत चालला होता.

“सहावं आणि सातवं यांच्यात किती अंतर आहे?”

“अठ्ठावीस सेकंद.”

“मेमरी बदलायची तर काय काय करावं लागतं?”

ती बोटांवर मोजू लागली. “यंत्राचं पान उघडायचं, मेमरीची चौकट शोधायची, आकडा घालायचा, ते परत विचारतंय, हो म्हणायचं, जतन करायचं...” ती थांबली. तिचे सुजलेले डोळे मोठे झाले. “दोन मिनिटं तरी जातील की ओ सर!”

“जातील. तू दोन मिनिटं कुठेच थांबलेली नाहीस.” बिंदुमाधवराव खुर्चीत मागे रेलले. “तू फक्त दार उघडलंस. आत चार जीबी आधीच कुणीतरी मांडून ठेवलेले होते.”

३

पण ते कुणी मांडले? सोळातून चार गेले की बारा उरतात. हे बारा जीबी कुठे गेले, हे बिंदुमाधवरावांनी आधी शोधलं. पाणी तोडणाऱ्याचं नाव कळत नसेल तर ते कुणाच्या नळाला वाढलं हे बघावं, एवढं साधं गणित.

नोंदीच्या अकराव्या ओळीत ते सापडलं. क्ष-किरणांची चित्रं तपासणारं यंत्र मंगळवारी आठ जीबीवर होतं, बुधवारी ते वीसवर उठलं. बरोब्बर बारा जास्त. आणि हे यंत्र कुणाचं लाडकं, ते सगळ्या रुग्णालयाला माहीत होतं.

रविकिरण पुण्याचा. जूनमध्ये बिंदुमाधवरावांच्या जागी आलेला, हुशार, बोलायला भरभरून. क्ष-किरणाचा प्रयोग यशस्वी करून दाखवायचा याच बोलीवर तो इथे आला होता. त्याच्या केबिनमध्ये, पूर्वी जिथे बिंदुमाधवराव बसत त्याच खुर्चीत तो बसला होता.

“सर, लॉग तर क्लिअर आहे ना? पर्सनली मला महानंदाबद्दल वाईट वाटतं, पण प्रोसेस इज प्रोसेस.”

“क्ष-किरण कसं चाललंय?”

“एकदम मस्त! पूजेनंतर तर...”

“पूजेनंतर दुपटीने पळतंय,” बिंदुमाधवरावांनी वाक्य पुरं केलं. “वीस जीबीवर. तू त्याचं कारण शोधलं नाहीस?”

रविकिरणने टेबलावरचं पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि खोलीत तर गारवा होता.

“शनिवारी रात्री बघितलं, सर. ते बारा दिसले. बेनिफिट मला झालाय, म्हणजे सगळे मलाच धरणार. ऑनेस्टली सांगतो, मी केलेलं नाही. पण कोण विश्वास ठेवणार? लॉगमध्ये महानंदाचं नाव होतं. मी तेवढंच पुढे केलं.”

“म्हणजे स्वतःची मान सोडवायला तिची दिलीस.”

बिंदुमाधवरावांना त्याचा राग आला, चांगलाच आला. पण घाबरलेला माणूस आणि गुन्हेगार माणूस दिसायला अगदी सारखे असतात हेही त्यांना ठाऊक होतं. ते उठून बाहेर आले.

व्हरांड्यात मल्लाप्पा बादलीत केळीचे वाळलेले खुंट भरत होता. रुग्णालयातला सगळ्यांत जुना शिपाई. पूजा त्याची, वर्गणी त्याची, कोहळा फोडायचा मानही त्याचा. बुधवारी सर्व्हरच्या खोलीत कोण कोण होतं हे याच्याइतकं नेमकं कुणी सांगितलं नसतं.

“स्वल्प बसा सर. खुर्ची आणतो.”

“नको रे. पूजेच्या वेळी आत कोण कोण होतं?”

“मी, महानंदा अक्का, रविकिरण सर. डॉक्टर अम्मा आरतीला आल्या, गेल्या. दुसरं कुणी नाही. अक्कानं सगळी बंद केली, मी आरती केली, कडलेपुरीचा प्रसाद वाटला, मग अक्कानं चालू केली. सरी, सगळं बरोबर. काही कमी पडलं नाही.” मग जरा खंतावून तो म्हणाला, “डबा तेवढा यंदा नवा, स्टीलचा. जुना पितळी तुमच्या घरी शोभतोय ना सर?”

“अक्काच्या देवघरात आहे,” बिंदुमाधवराव म्हणाले. त्यांचं लक्ष वरच्या मजल्याकडे होतं. वॉर्डच्या काचेतून एक तरुण आई दिसत होती. मांडीवर पोर घेऊन ती बाटलीने सोयाबीनचं दूध पाजत होती आणि दर घोटागणिक पोरीच्या तोंडाकडे भीत भीत बघत होती. दूध पाजायची भीती वाटणारी आई बिंदुमाधवरावांनी आजवर कधी पाहिली नव्हती.

ते तसेच महानंदाकडे परत गेले. “दर रविवारी सगळ्या मांडणीची एक प्रत बाजूला पडते. आहेत का त्या?”

“तेरा रविवारच्या आहेत सर. त्याआधीच्या आपोआप पुसतात.”

“सगळ्यांत जुनी काढ.”

४

सगळ्यांत जुनी प्रत तेरा जुलैची निघाली. महानंदाने ‘नवजात’चं पान उघडलं. तिथे मेमरीच्या रकान्यात दोन आकडे होते, एकाखाली एक. वरचा, म्हणजे यंत्र त्या दिवशी ज्यावर चालत होतं तो, सोळा. खालचा, म्हणजे पुढच्या वेळी चालू होताना जो लागू व्हायचा तो, चार.

“अगंबाई,” महानंदा पुटपुटली. “अडीच महिने आधीपासून!”

रविकिरणही येऊन मागे उभा होता. पडद्यावर रोज दिसतो तो वरचा आकडा. खालचा बघायचा तर पान उलगडावं लागतं. तो कुणीही बघितला नव्हता.

“म्हणजे तेरा जुलैच्या आधी ज्याच्या हातात सर्व्हरची चावी, म्हणजे बदल करायचा पासवर्ड होता, त्याने हे केलं,” बिंदुमाधवराव म्हणाले. एवढ्या दिवसांनी डोक्याला काम मिळालं होतं आणि त्यांना त्यात थोडी मजाही वाटू लागली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. “महानंदा, तू कधी रुजू झालीस?”

“एकवीस जुलै.”

“तू सुटलीस. रविकिरण, तू दोन जूनला आलास. तुला सहा आठवडे मिळतात.”

“सर, नाही मिळत.” रविकिरणचा आवाज विचित्र झाला होता. आनंद व्हायला हवा होता त्या जागी त्याला संकोच होत होता. “मला ॲडमिनची चावी तेवीस जुलैला मिळाली. ती सीलबंद पाकिटात डॉक्टर मॅडमच्या कपाटात होती. ट्रस्टींची सही होईपर्यंत मी नुसता बसून होतो. सहा मेल केलेत मी त्याबद्दल. पाकीट मॅडमनी माझ्यासमोर फोडलं. लाख तशीच होती.”

“ते पाकीट बंद कुणी केलं होतं?”

प्रश्न तोंडातून बाहेर पडता पडताच बिंदुमाधवरावांना उत्तर कळलं. एकतीस मे, दुपारी साडेचार. लाखेचा वास. डॉ. संपदांच्या टेबलावरची मेणबत्ती. लाखेवर दाबलेला आपलाच अंगठा.

महानंदा पडद्याकडे बघत होती आणि रविकिरण जमिनीकडे. दोघांनाही उत्तर कळलं होतं आणि दोघांपैकी एकालाही ते मोठ्याने म्हणायचं नव्हतं.

“चावी तेव्हा एकाच माणसाकडे होती,” अखेर बिंदुमाधवराव स्वतःच म्हणाले. “माझ्याकडे.”

“पण सर, तुम्ही तर मांडून ठेवलेल्या बदलांची यादी करायचात,” रविकिरण घाईघाईने म्हणाला. “मल्लाप्पा सांगत होता. दरवर्षी पूजेआधी वाचायचात ना? तुमच्या हातून कसं राहील?”

बिंदुमाधवरावही दिवसभर हेच धरून चालले होते. आपला बदल निसटणार नाही, कारण आपण यादी करतो. ती यादी आपण ठेवतो कुठे, याचा त्यांनी एकदाही विचार केला नव्हता. आता केला. मल्लाप्पाच्या हातची कुंकवाची पूड कागदाला लागलेली असे. पूजेच्या डब्याचं झाकण उघडलं की वरच हाताला लागावी, विसरणं शक्यच होऊ नये, म्हणून ते यादी ठेवत त्या डब्यात. पितळी डब्यात.

५

घरी आले तेव्हा कृष्णाबाई वाती वळत होती. “इतक्या लौकर? जेवलास?” तिने विचारलं. बिंदुमाधवराव चपला काढून सरळ देवघरात गेले आणि डबा घेऊन जमिनीवर बसले. हळदीची पुडी, कुंकवाची कोयरी, कापूर, उदबत्त्या, एकेक काढून त्यांनी पाटावर ठेवलं. तळाला चार घड्यांचा कागद होता, कापराचा वास लागलेला.

“अक्का, हा कागद कुठला?”

“डब्याबरोबर आलेला. वर होता, मी खाली घातला. तुझं अक्षर दिसलं, मग टाकवेना. का रे, कामाचा होता?”

त्यांनी घडी उलगडली. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातलं, घाईतलं, पण आपलंच अक्षर. निवृत्तीआधी दोन आठवडे सगळ्या यंत्रांची आवराआवर चालली होती. पट्ट्या वाचायला नवं यंत्र येणार होतं आणि जुनं ‘नवजात’ फक्त जुने निकाल बघण्यापुरतं उरणार होतं. त्याला चार पुष्कळ. उरलेले बारा क्ष-किरणाला. नवं यंत्र काही आलंच नाही, हे त्यांना आजच कळलं होतं.

कागदावर दोनच ओळी होत्या, पण दुसरीखाली रेघ मारून त्यांनी लिहिलं होतं: ‘नवं यंत्र सुरू झालं नसेल तर हे दोन्ही बदल आधी रद्द करणे. न विसरता.’

सगळं व्यवस्थित लिहून ठेवलं होतं. आणि मग निरोपाच्या दिवशी मल्लाप्पाने डबा घासून लख्ख केला, आत हळदकुंकू भरलं, सरांचा कागद जसाच्या तसा वर ठेवला आणि डबा डोळ्यांत पाणी आणून त्यांच्याच हातात दिला. रागवायला समोर कुणी नव्हतं. कुणी वाईट वागलं नव्हतं, फक्त एक पोर तीन दिवस विष प्यायली होती.

बिंदुमाधवराव रडले. अक्काने कारण विचारलं नाही. ती वाती ठेवून शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “डबा परत द्यायचा असेल तर दे. कापूर मी वाटीत ठेवेन.”

६

मंगळवारी सकाळी डॉ. संपदांच्या खोलीत चौघं होते: त्या, रविकिरण, महानंदा आणि बिंदुमाधवराव. टेबलावर तो कागद होता आणि त्याशेजारी महानंदाला काढून टाकल्याचं पत्र.

बिंदुमाधवरावांनी आपला अहवाल वाचून दाखवला. दीड पानाचा होता. अठ्ठावीस सेकंद, बारा जीबी, तेरा जुलैची प्रत, तेवीस जुलैची चावी. आणि शेवटी: ‘बदल मी केला. यादी मी अशा ठिकाणी ठेवली, जिथे ती माझ्याशिवाय कुणाला शोधता आली नसती. चालतं यंत्र थांबवून, बदल तपासून घेण्याची जबाबदारी मी नियमाच्या नावाखाली पुढे ढकलत आलो.’

डबा कुणी दिला हे अहवालात नव्हतं. डॉ. संपदांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी विचारलं नाही. त्यांनी दुसरंच विचारलं.

“अण्णा, महानंदाचा दोष नाही एवढं सिद्ध झालं. पुरे नाही का? बदल कुणाचा ते कळत नाही, असं लिहिलं तर ट्रस्टी जास्त खोलात जाणार नाहीत. एकोणीस वर्षं...”

“नाव मोकळं ठेवलं तर ती जागा कुणाच्या तरी नावाने भरतात, डॉक्टर. आत्ताच भरली होती.”

रविकिरणने मान खाली घातली. मग तो महानंदाकडे वळून, या वेळी एकही इंग्रजी शब्द न वापरता म्हणाला, “माझं चुकलं. मी तुझं नाव पुढे करायला नको होतं.” तिने मान हलवली. माफ केलं की नाही, ते काही कळलं नाही.

डॉ. संपदांनी पत्र उचललं आणि त्याचे चार तुकडे केले. मग त्या बिंदुमाधवरावांना म्हणाल्या, “मुलीच्या आईला काय सांगायचं?”

“सांगून आलो. येतानाच वर गेलो होतो.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, डॉक्टरांनी आता काय पाजायचं ते सांगितलंय, तुम्ही पुन्हा असं होणार नाही तेवढं बघा.” त्यांनी टेबलावरचा कागद सारखा केला. “ओरडली असती तर बरं झालं असतं.”

खाली येऊन त्यांनी दारावरची पाटी काढली. महानंदाने स्टूल धरलं. ‘बदल केला की त्याच दिवशी, ठरवून, यंत्र बंद-चालू करायचं आणि समोर बसून बघायचं,’ असं नवं लिही म्हणून त्यांनी तिला सांगितलं. ती म्हणाली, लिहिते. पण आधी अहवाल फाईलला लावते.

त्यांनी पितळी डबा तिच्या टेबलावर ठेवला. “हा इथला. यात कापूरच ठेवायचा. कागद नाही.”

महानंदाने फाईल उघडली, अहवाल लावला, मग तो कापराच्या वासाचा कागद हातात घेतला आणि अडखळली. आदल्या दिवसापर्यंत हा माणूस तिला वाचवायला आलेला देव होता, आणि आज त्याला काही सांगायचं तर जीभ उचलत नव्हती. पण तिने सांगितलं.

“सर, यावर सही नाही.”

“तेव्हा लागत नसे. अक्षर सगळे ओळखायचे.”

“सहीशिवाय बदलाचा कागद फाईलला लावता येत नाही ओ सर. नियम आहे.” आणि अगदी हळू, “पहिल्याच पानावर आहे. तुमचाच.”

बिंदुमाधवरावांनी तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. यंत्रं आता नीट माणसाच्या हाती होती. त्यांनी खिशातून पेन काढलं, आपल्याच अक्षराखाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

तिने तो वाचला आणि परत त्यांच्यापुढे केला.

“तारीख, सर.”

त्यांनी तारीख घातली. आजची.